डच समास लिहिताना आणि तोडताना या चुका टाळा

मागच्या हिवाळ्यात एक काकू माझ्याकडे एक पत्र घेऊन आल्या. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आम्स्टलफेनमध्ये त्या घरगुती डबे करून देतात, धंदा त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे, आणि विम्याबद्दलचं ते पत्र आलं होतं. पत्राच्या दुसऱ्याच ओळीत तेहतीस अक्षरांचा एक शब्द होता: अर्बेइत्सओनखस्खिक्तहेइत्सफरझेकरिंग. काकूंनी पेन्सिलीने त्याचे तुकडे पाडले होते. अर् । बेइत् । सोन् । खस् । खिक् । अशा बारीक उभ्या रेघा थेट शेवटपर्यंत गेल्या होत्या. "सगळे तुकडे वाचता येतात हो," त्या म्हणाल्या, "पण अर्थ कशाचाच लागत नाही."

अर्थ लागणार कसा? तिसरा तुकडा 'सोन्' असा पडला होता आणि तो डचमध्ये कुठेच नाही. त्यातला 'स' मागच्या शब्दाचा, 'ओन' पुढच्या शब्दाचा. रेघा पुसल्या आणि फक्त दोनच काढल्या: अर्बेइत्स । ओनखस्खिक्तहेइत्स । फरझेकरिंग. अर्बेइत म्हणजे काम, ओनखस्खिक्तहेइत म्हणजे असमर्थता, फरझेकरिंग म्हणजे विमा. कामाला असमर्थ झालात तर मिळणारा विमा. पदांचा क्रमसुद्धा मराठीसारखाच आहे. मधे दोनदा आलेला 'स' हा नुसता टाका आहे, दोन कापडं जोडणारा. त्याला स्वतःचा अर्थ नाही.

डच शिकणाऱ्या मराठी माणसांच्या वह्या मी बरीच वर्षं तपासतो आहे. सामासिक शब्दांच्या बहुतेक चुका एकाच ठिकाणी जन्माला येतात असं माझं ठाम मत झालं आहे: सांधा कुठे आहे हे बघायच्या आधीच आपण उच्चार करतो, लिहितो किंवा तोडतो. शाळेत आपण समासाचा विग्रह करायला शिकलो. 'राजवाडा' म्हणजे राजाचा वाडा. तो विग्रह डचमध्ये रोज कामाला येतो, आणि इंग्रजीच्या सवयीपेक्षा कितीतरी जास्त कामाला येतो.

एक खुलासा आधीच करतो. इथे डच शब्द देवनागरीत, उच्चाराच्या जवळ जाईल असे लिहिले आहेत. 'ख' हा घशातून घासत येणारा समजावा. जिथे स्पेलिंगचाच प्रश्न आहे तिथे रोमन अक्षराचं इंग्रजी नाव दिलं आहे: 'ए' म्हणजे A, 'ई' म्हणजे E.

शब्द सुटे लिहिणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. दोन नामांचा मिळून एक अर्थ होत असेल तर डचमध्ये ती जोडूनच लिहायची. तीन असोत, चार असोत, मधे जागा नाही. आपला हात मात्र इंग्रजीने घडलेला असतो. 'ट्रेन तिकीट', 'हेल्थ इन्शुरन्स' असं सुटं लिहायची त्याला सवय. डच लोकांचीही ही सवय वाढते आहे, आणि तिला त्यांच्यात एक नाव आहे: एंगल्से झीक्ते, म्हणजे 'इंग्रजी रोग'. मुडदूस या हाडांच्या आजाराला डचमध्ये हेच नाव आहे, त्यावरून ते आलं.

जागा सोडली की नुसतं दिसायला वाईट दिसतं असं नाही, अर्थ बदलतो. कोप्ये म्हणजे कप. 'कोप्ये कोफी' असं सुटं लिहिलं तर कपभर कॉफी. 'कोफीकोप्ये' असं जोडून लिहिलं तर कॉफीचा कप, मग तो रिकामा का असेना. मराठीत आपण 'कपभर चहा' आणि 'चहाचा कप' असा फरक करतो. डच तोच फरक एका रिकाम्या जागेने आणि पदांच्या क्रमाने करते.

विशेषण आलं की गुंता वाढतो. रोदे म्हणजे लाल, वेइन म्हणजे वाइन, ख्लस म्हणजे ग्लास. 'रोदेवेइनख्लस' एकसंध लिहिलं तर रेड वाइनचा ग्लास, काच पारदर्शकच. 'रोदे वेइनख्लस' असं लिहिलं तर ग्लासच लाल. विग्रह केला की चूक होणं अवघड: लाल काय आहे, वाइन की ग्लास? वाइन लाल असेल तर विशेषण वाइनला चिकटलं पाहिजे, आणि ते दोघं मिळून ग्लासला.

याचं एक दगडाविटांचं उदाहरण हार्लेम शहरात उभं आहे. चित्रकार फ्रान्स हाल्सच्या नावाचं संग्रहालय १९१३ पासून ज्या वास्तूत आहे ती सतराव्या शतकातली 'औदेमननहाउस' होती. औदे म्हणजे म्हातारे किंवा जुने, मनन म्हणजे पुरुष, हाउस म्हणजे घर. एकसंध लिहिलेला शब्द सांगतो: म्हाताऱ्या पुरुषांचं घर, वृद्धाश्रम. 'औदे' सुटं काढलं की होतं पुरुषांचं जुनं घर. इमारत जुनी आहे हे खरं, पण शब्दाला ते सांगायचं नव्हतं.

इथे संगणक आणि फोन तुम्हाला उलटं शिकवतात हे लक्षात ठेवा. नवा, लांब, पण अगदी बरोबर असलेला समास शब्दतपासणीला माहीत नसतो, म्हणून खाली लाल रेघ येते. तुम्ही मधे जागा सोडता, दोन्ही तुकडे कोशात सापडतात, लाल रेघ जाते. वाटतं, दुरुस्त झालं. प्रत्यक्षात बरोबर शब्द आत्ता चुकला. रेघ आली तर जागा सोडू नका. प्रत्येक पदाचं स्पेलिंग एकेकटं तपासा, आणि सगळी पदं बरोबर असतील तर रेघेकडे दुर्लक्ष करा.

पहिल्या पदावरून लिंग ठरवणं

डचमध्ये नामाआधी, त्याच्या लिंगाप्रमाणे, 'दे' किंवा 'हेत' येतं. समासात हे फक्त शेवटच्या पदावरून ठरतं. क्रान म्हणजे नळ, त्याला 'दे'. वातर म्हणजे पाणी, त्याला 'हेत'. म्हणून 'दे वातरक्रान' हा पाण्याचा नळ, आणि 'हेत क्रानवातर' हे नळाचं पाणी. हॉटेलात साधं पाणी हवं असेल तर मागायचं ते दुसरं.

मराठी माणसाला हे शिकवावं लागू नये खरं तर. पाणी नपुंसकलिंगी, तरी आपण 'पाणीपुरवठा बंद झाला' म्हणतो, 'झालं' म्हणत नाही, कारण पुरवठा पुल्लिंगी. हाच कान डचकडे न्यायचा. अनेकवचनही शेवटच्या पदाचंच होतं.

शेवटचं पद मालक, हे तत्पुरुषापुरतं. डचमध्ये बहुव्रीहीही आहेत. 'रोतबोर्स्त्ये', शब्दशः 'लालछाती', ही छाती नव्हे, तर लाल छातीचा तो छोटा पक्षी, हिवाळ्यात बागेत येणारा रॉबिन. लंबोदर म्हणजे लांब उदर नव्हे, तसंच हे. आणि काही शब्द नुसते ऐकूनच आवडतात: पाणघोड्याला डच लोक 'नेइलपार्त' म्हणतात, नाईल नदीचा घोडा. घोडा त्यांनाही दिसला, आपल्यालाही; पाणी मात्र त्यांनी नावगाव देऊन सांगितलं.

कानाने केलेला संधी कागदावर उतरवणं

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे आपली चूक अज्ञानातून होत नाही, चांगल्या कानामुळे होते.

झक म्हणजे पिशवी किंवा खिसा. दूक म्हणजे कापड. दोन्ही मिळून खिशातला रुमाल. डच माणसाला हा शब्द उच्चारायला सांगा आणि नीट ऐका: तो 'झग्दूक' म्हणतो. पुढच्या 'द'मुळे मागचा 'क' मऊ होऊन 'ग' झाला. वाक् आणि देवी मिळून वाग्देवी होते तेव्हा घडतं ते हेच. आपल्याकडे संधी झाला की लेखनही बदलतं, म्हणून मराठी विद्यार्थी बिनदिक्कत 'ग'चं अक्षर लिहून मोकळा होतो. डच लेखनात संधी होत नाही. कागदावर 'के' हेच अक्षर राहतं, कारण 'झक' हा शब्द तिथे शाबूत दिसला पाहिजे. फुटबॉलला डच शब्द फूत म्हणजे पाय आणि बल म्हणजे चेंडू यांचा. कानावर 'फूद्बल' येतं, लिहायचा 'टी'.

उलट दिशेनेही घडतं. कचऱ्याच्या डब्यावर जो शब्द असतो तो 'अफ' आणि 'फल' यांचा समास आहे. पहिल्या पदाच्या शेवटी 'एफ', दुसऱ्याच्या सुरुवातीला 'व्ही'. बोलताना दोन्ही विरघळून एकच 'फ' उरतो. पोस्टाच्या तिकिटातही असंच: पहिल्या पदाच्या शेवटच्या 'एस'-'टी' नंतर 'झेड' येतो, आणि ऐकू येतो तो नुसता 'स'. लिहिताना सगळी अक्षरं जागेवर हवीत. श्रुतलेखनात या शब्दांनी भल्याभल्यांचे गुण घालवले आहेत, म्हणून माझी पद्धत अशी: शब्द ऐका, थांबा, विग्रह मनात म्हणा, मग प्रत्येक पद वेगळं असल्यासारखं लिहा.

स्वराला स्वर भेटला की काय करायचं? विद्या आणि आलय यांचं आपण विद्यालय करतो, दोन स्वरांचा एक. डच नेमकी उलटी वागते. झे म्हणजे समुद्र, एखल म्हणजे साळू. समुद्रातला काटेरी साळू लिहिताना मधे संयोगचिन्ह येतं: झे-एखल. ते नसतं तर तीन 'ई' सलग आल्या असत्या आणि सांधा दिसेनासा झाला असता. पण झेआरन्त, म्हणजे समुद्रगरुड, चिन्हाविना लिहितात. कारण 'ई' आणि 'ए' या अक्षरांची जोडी डचमध्ये एक स्वर म्हणून वाचली जाण्याची भीती नाही. म्हणजे प्रत्येक स्वरभेटीला चिन्ह नाही. वाचणारा फसेल तिथेच.

संख्यांमध्ये मात्र चिन्हाऐवजी अक्षरावर दोन टिंबं येतात. बावीस हा आकडा डचमध्ये 'त्वे-एन-त्विन्तख' आहे, दोन-आणि-वीस, सगळं एका शब्दात, मधल्या 'ई'वर दोन टिंबं. इंग्रजीतून येणाऱ्यांना हा उलटा क्रम छळतो. बावीस, तेवीस, पंचवीस म्हणत मोठं झालेल्याला छळायचं कारण नाही. मराठीतही आधी एकम, मग दशक. संख्या शेकड्यांपर्यंत जोडून लिहायच्या. 'दाउझन्त' म्हणजे हजार आला की त्याच्यानंतर जागा सोडायची.

आणि आता बटाटा. डच बटाटा म्हणजे 'आर्दअपल': आरत म्हणजे माती, अपल म्हणजे सफरचंद, मातीतलं सफरचंद. डचमध्ये पदाच्या शेवटी लिहिलेला 'डी' बोलताना 'त' होतो. कुत्रा लिहिताना 'डी', बोलताना 'होन्त'. त्या नियमाने बटाटा 'आरत-अपल' व्हायला हवा. पण बाजारात कान देऊन ऐका, सगळे 'आर-दपल' म्हणतात. शेजारी रात्रीचं जेवण ठेवून पाहा: आवोन्त म्हणजे संध्याकाळ, एतन म्हणजे जेवण. इथेही पहिल्या पदाच्या शेवटी तोच 'डी' आहे, पुढे तसाच स्वर आहे, तरी लोक 'आवोन्त-एतन' म्हणतात, 'त' स्पष्ट. एका शब्दात सांधा जिभेला अजून जाणवतो, दुसऱ्यात तो रोजच्या वापराने गुळगुळीत होऊन गेला. कागदावर मात्र ओळीच्या शेवटी बटाटा तोडायचा तो जुन्या सांध्यावरच: आर्द-अपल. जीभ विसरली तरी लेखन विसरत नाही.

न ऐकू येणारा 'एन'

डच शुद्धलेखनातली सगळ्यात मोठी भांडणं ज्या एका अक्षरावरून झाली ते हे. पॅनकेकसारख्या डच धिरड्याला 'पननकूक' म्हणतात. पन म्हणजे तवा, कूक म्हणजे केक. मधे जोडणारा जो भाग आहे त्यात 'ई' आणि 'एन' ही दोन अक्षरं लिहितात, पण बहुतेक लोकांच्या बोलण्यात नुसता ओझरता 'अ' ऐकू येतो: पनअकूक. म्हणजे कानावर विसंबून 'एन' लिहायचा की नाही हे कधीच ठरणार नाही.

पूर्वी नियम अर्थाचा होता. पुस्तकांचं कपाट, बूकनकस्त, यात पुस्तकं अनेक, म्हणून 'एन' लिहायचा. धिरड्याला तवा एकच, म्हणून नाही. १९९५ च्या सुधारणेने हा अर्थविचार काढला आणि रूपाचा नियम आणला. तो १ ऑगस्ट १९९६ पासून शाळा आणि सरकारी कामकाजात लागू झाला. २००५ मध्ये त्यात पुन्हा दुरुस्त्या झाल्या, त्या १ ऑगस्ट २००६ पासून. त्या वर्षी काही मोठी डच वृत्तपत्रं अधिकृत 'हिरव्या पुस्तका'ऐवजी पर्यायी 'पांढऱ्या पुस्तका'कडे वळली, इतका तो वाद तापला होता. एका रानफुलाची हकीकत ऐका: पिवळं डँडेलियन, डचमध्ये 'घोड्याचं फूल'. १९९६ मध्ये त्याचं 'एन'शिवायचं रूप अधिकृत होतं, कारण प्राणी आणि वनस्पती अशा जोडीला अपवाद होता. २००६ मध्ये अपवाद गेला आणि ते 'पार्दनब्लूम' झालं. फूल तेच. जुन्या पाट्या, जुनी पुस्तकं, आजीच्या पाककृतींची वही यांत धिरडं आणि फूल दोन्ही वेगळी दिसली तर घाबरू नका. ते लिहिलं तेव्हा बरोबरच होतं.

आपल्याला हे अपरिचित वाटू नये. १९६२ च्या मराठी शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या छापील पानांवर 'नांव' आणि 'कांहीं' भेटतात. आपण न ऐकू येणारी खूण काढली, डचांनी ती घातली. दोन्हीकडे जुन्या पिढीला ते अक्षर डोळ्यांना खुपतं.

आजचा नियम कसा चालवायचा ते सांगतो. मधे ओझरता 'अ' ऐकू येतो का, हे आधी पाहा. येत नसेल तर प्रश्नच नाही: पुस्तकांचं दुकान 'बूकहन्दल' आहे, जोड काहीच नाही, तर कपाट 'बूकनकस्त'. का, याला नियम नाही. तो त्या शब्दासोबतच पाठ करायचा. 'अ' ऐकू येत असेल तर पहिल्या पदाचं अनेकवचन मोठ्याने म्हणा. ते फक्त 'एन'नेच होत असेल तर समासात 'एन' लिहा. 'एस'नेही होत असेल तर लिहू नका. भाजीला दोन्ही अनेकवचनं आहेत, म्हणून भाज्यांचं सूप 'ख्रून्तेसूप', 'एन' नाही.

नियम कळल्यावर माणूस सगळीकडेच 'एन' लावत सुटतो, ही पुढची चूक. सूर्यफूल 'झोनेब्लूम' आहे, 'एन' नाही, कारण सूर्य एकच आहे. चांदण्यालाही तोच न्याय. राणीचा वाढदिवस-सण 'कोनिंगिनेदख' यातही 'एन' नाही, कारण राज्यावर राणी एकच. २०१३ मध्ये विलेम-अलेक्झांडर राजा झाले आणि २०१४ पासून सण 'कोनिंग्सदख' झाला, तेव्हा जोड बदलून 'एस' आला. आणि पहिलं पद नुसता जोर द्यायला आलं असेल तरी 'एन' जातो. 'बेरनफेल' म्हणजे अस्वलाचं कातडं, इथे अस्वल खरंखुरं, म्हणून 'एन' आहे. 'बेरेस्तेर्क' म्हणजे प्रचंड ताकदवान. इथे अस्वल उरलंच नाही, जोर उरला, म्हणून 'एन' नाही. या एका जोडीत मला भाषेची समज दिसते. जे पद अर्थ घेऊन येतं त्याला पूर्ण रूप, जे फक्त जोर घेऊन येतं त्याला अर्धं.

'एस'चा जोड सोपा आहे, तो ऐकू येतो. फक्त एका जागी फसवतो: पुढचं पदच 'स'ने सुरू होतं तेव्हा. स्टेशनसमोरचा चौक 'स्ताशोन्सप्लेइन', इथे 'स' स्वच्छ ऐकू येतो. म्हणून स्टेशनचा रस्ता लिहिताना एक 'एस' जोडाचा आणि एक 'स्त्रात'चा, असे दोन लिहायचे, जरी कानाला एकच लागला. गावाच्या चौकाचं आणि गावाच्या रस्त्याचं तसंच. शंका आली की पुढचं पद बदला, 'स'ने सुरू न होणारं एखादं लावून पाहा. सगळ्यांना 'एस' लागतो असंही नाही: नगरपालिकेची इमारत 'स्तत्हाउस', त्यात 'एस' नाही, त्याच 'स्तत'पासून झालेल्या शहर-विभागाच्या शब्दात आहे.

ओळ संपली की शब्द कुठेही तोडणं

डच शब्द लांब असतात, अरुंद स्तंभात ते मावत नाहीत, म्हणून तोडावेच लागतात. पहिला तोड सांध्यावर. पदाच्या आत तोडायची वेळ आली तरच अवयव, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे, पाहायचे.

सांधा चुकला तर काय होतं याची डचमध्ये प्रसिद्ध उदाहरणं आहेत, आणि ती शिकवायला उत्तम. 'देइक्रम्प' हा शब्द घ्या. देइक-रम्प असा तोडला तर बांध फुटण्याची आपत्ती, आणि समुद्रसपाटीखाली राहणाऱ्या देशात हा शब्द किती जड आहे हे सांगायला नको. देइ-क्रम्प असा तोडला तर मांडीत आलेला गोळा. 'फल्काउल': फल-काउल म्हणजे जनावर पकडायचा खड्डा, फल्क-आउल म्हणजे ससाणा आणि घुबड यांचा काहीतरी मेळ. सुपरमार्केटमधल्या छोट्या टोमॅटोंच्या डब्यावर पाहा: केर्स-तोमात्येस, म्हणजे चेरीएवढे टोमॅटो. 'त' मागे ओढला की केर्स्त-ओमात्येस, नाताळच्या आज्या. एका शब्दात तर उच्चारच पालटतो: 'मसाझ-बेत' म्हणजे मालिश करण्याचा पलंग, तीच अक्षरं 'मस्सा-खबेत' अशी तोडली तर सामुदायिक प्रार्थना.

पदाच्या आत आलं की मराठी डोळा एक ठरलेली चूक करतो. देवनागरीत जोडाक्षर पुढच्या अक्षराला चिकटतं. 'पत्नी' लिहिताना प वेगळा, त्नी वेगळं. म्हणून दोन व्यंजनं एकत्र दिसली की आपण दोन्ही पुढे ढकलतो. डचमध्ये दोन व्यंजनं असतील तर एक मागे राहतं, एक पुढे जातं. कागदावरचं अक्षर विसरा आणि वृत्तं आठवा: जोडाक्षराच्या आधीचं लघु अक्षर गुरू होतं असं आपण शिकलो. का होतं? कारण बोलताना पहिलं व्यंजन मागच्या स्वरावर टेकतं: पत्-नी. छंदाला हे कळलं होतं, लिपीत ते दिसत नाही. डच तोडताना छंदाचा कान वापरा.

याच्यावर डच स्पेलिंगचा अख्खा डोलारा उभा आहे. मन म्हणजे पुरुष, मान म्हणजे चंद्र. पुरुषाच्या शब्दात 'ए' एक, चंद्राच्या शब्दात 'ए' दोन. अनेकवचनात सगळं उलटल्यासारखं दिसतं: पुरुषांमध्ये 'एन' दोनदा येतो, चंद्रांमध्ये 'ए' एकच उरतो. तोडून पाहा म्हणजे कळतं. पुरुष: मन्-नन, पहिला अवयव व्यंजनाने बंद, म्हणून स्वर ऱ्हस्व. चंद्र: मा-नन, पहिला अवयव उघडा, म्हणून एकच 'ए' असूनही स्वर दीर्घ. आता दोन समास: 'मानलिख्त' आणि 'मानेस्खेइन', दोन्ही चांदणंच. पहिल्यात मान हा अवयव बंद आहे, म्हणून दोन 'ए' हवेत. दुसऱ्यात जोडाचा 'अ' आला, मा-ने-स्खेइन असा उघडा अवयव तयार झाला, म्हणून एक 'ए' पुरे. हे ज्याला उमगलं त्याचं डच स्पेलिंग निम्मं झालं.

बाकीचं झरझर सांगतो. एकच व्यंजन दोन स्वरांत असेल तर ते पुढे जातं. 'सी-एच' ही जोडी घशातल्या एका 'ख'ची आहे, तोडू नका. 'आय-जे' ही जोडीही एकच स्वर आहे. 'एन-जी' बोलताना एक अनुनासिक आहे, तरी कागदावर तुटते: राजे म्हणजे 'कोनिंगन' हा शब्द को-निन-गन असा फुटतो, 'एन' मागे, 'जी' पुढे. एकटं अक्षर ओळीच्या शेवटी ठेवू नका, म्हणून संध्याकाळ हा शब्द सुरुवातीच्या 'ए'नंतर तुटत नाही. दोन टिंबांचं अक्षर नव्या ओळीच्या सुरुवातीला गेलं की टिंबं गळतात, कारण तोडाने त्यांचं काम केलेलं असतं. लाडक्या रूपांमध्ये वाढलेला स्वरही गळतो: आजीबाईच्या 'ओमात्ये'मध्ये दोन 'ए' असतात, पण तोडून लिहिलं की ओमा-त्ये, आणि 'ए' एकच. 'का?' या अर्थाचा 'वारोम' बोलताना वा-रोम वाटतो, तुटतो मात्र वार-ओम, सांध्यावर.

आणि जिथे सांधा खरंच हरवला आहे तिथे? अ‍ॅमस्टरडॅम म्हणजे आम्स्तल नदीवरचा बांध, रॉटरडॅम म्हणजे रोत्ते नदीवरचा. पण आज नावात 'आम्स्तल' शाबूत राहिलेलं नाही, मधला 'ल' जाऊन 'र' आला आहे. म्हणून ते उच्चाराप्रमाणे तुटतं: आम्-स्तर-दम. नदी त्या तोडांत सापडत नाही.

अर्ज, बायोडेटा किंवा ईमेल लिहिताना शब्द हाताने आडवी रेघ टाकून तोडू नका. अक्षराचा आकार बदलला, दुसऱ्या पडद्यावर उघडलं, की ओळ सरकते आणि तुमची रेघ भलत्याच ठिकाणी, शब्दाच्या मध्यभागी उभी राहते. मजकुराची भाषा डच ठरवून द्या, मग शब्द तोडण्याचं काम यंत्राला डच नियमांनी करू द्या. भाषा इंग्रजी राहिली असेल तर तोडही इंग्रजी नियमांनीच पडतील. आणि सांध्यावरच तुटावं असा हट्ट असेल तर लपलेली रेघ घाला, जी ओळ संपली तरच दिसते.

शंका राहिली तर डच भाषासंघाची, म्हणजे ताल्उनीची, शब्दसूची इंटरनेटवर फुकट आहे: वोर्डनलाइस्ट डॉट ऑर्ग (woordenlijst.org). शब्द घातला की त्याचे तोड टिंबांनी दाखवते. काकूंनी तो पत्ता फोनमध्ये ठेवला आहे. आता पत्र आलं की त्या आधी पेन्सिलीने सांध्यांवर रेघा मारतात आणि मग तिथे जाऊन ताडून बघतात. मागच्या खेपेला डच समाजात सामावण्यासाठीच्या परीक्षेचं पत्र आलं होतं, इनबर्खरिंग्सएक्सामन. रेघ 'एस'च्या पुढे होती, 'एक्सामन'च्या आधी, आणि बरोबर होती.